नांगर वळू ओढत नाही

ताई, सप्रेम नमस्कार.

वय 34. सांगली जिल्ह्यात गाव, दीड एकर ऊस, शिवाय एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. मुलगी सहा वर्षांची, मुलगा सव्वा वर्षाचा. दोन्ही वेळेस सिझर. दुसऱ्या खेपेला बाळ कमी दिवसांचं होतं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं. म्हणून डॉक्टर म्हणाले, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन आत्ता नको, बाळ धडधाकट होऊ दे. आता बाळ चालायला लागलं, पण बायकोच्या अंगात रक्त नाही, टाक्यांची जागा अजून दुखते. परवा आशाताई घरी आल्या, तेव्हा मी बोलून गेलो, मग माझंच करा की.

त्या दिवसापासून घरात महाभारत सुरू आहे. आई एक दिवस जेवली नाही. म्हणते, घरात कर्ता तू एकटा, उद्या जड काम झालं नाही तर खायचं काय? बायका करतातच की, मी नाही का केलं? आपल्यात बाप्यांनी कधी केलंय का? स्टँडवरच्या कट्ट्यावर कुणी तरी ही बातमी पोचवली. मित्र म्हणाले, वळूचा बैल होणार आता. सगळे हसले. एक जण फक्त हसला नाही, खाली बघून चहा पीत राहिला. बायकोला वाटलं असतं बरं, तर तीही म्हणते, माझंच करू दे, मला नको लोकांचं ऐकायला. जास्त विचारलं की रडते.

मी भित्रा नाही. पण रात्री झोप लागत नाही. खरंच काही फरक पडला तर? पुरुष म्हणून काही कमी होत नाही ना? हे विचारायचं कुणाला? नाव छापू नका.

—

तुझ्या पत्रात आई आहे, कट्टा आहे, बायको आहे, आणि सगळ्यात शेवटी, कागद संपत आल्यावर, बारीक अक्षरात तू आहेस. त्या बारीक अक्षराला आधी उत्तर देते. काही कमी होत नाही. इच्छा, ताकद, ताठरपणा, दाढीमिशी, आवाज, यातलं काहीही नाही. 32 वर्षं आरोग्यसेविका म्हणून काढली, उपकेंद्राची सहा गावं पायाखाली घातली, म्हणून छातीठोक सांगते. वयानं माझ्या धाकट्याएवढा आहेस, तेव्हा अरेतुरे चालवून घे.

अंडकोषाला दोन कामं असतात. एक, शुक्रजंतू तयार करायचे. ते दोन बारीक नळ्यांतून वर जातात. दुसरं, पुरुषाला पुरुष करणारं संप्रेरक तयार करायचं. ते नळीच्या वाटेला जातच नाही, थेट रक्तात मिसळतं. नसबंदीत त्या दोन नळ्या तेवढ्या बांधून कापतात, अंडकोषाला कुणी हात लावत नाही. वीर्यही पहिल्यासारखंच येतं, कारण त्यात शुक्रजंतूंचा वाटा अगदी किरकोळ, बाकीचं पाणी वरच्या ग्रंथींतून येतं. तुला फरक कळणार नाही, तिलाही कळणार नाही.

आता तुझ्या मित्रांचा बैल. शेतकऱ्याच्या पोरांची ही गल्लत होणारच, कारण त्यांनी लहानपणी गोठ्यात जे पाहिलं ते खच्ची करणं. त्यात चिमट्यानं वरच्या शिरा चेचतात, रक्त तुटतं आणि अंडकोषच सुकून जातो. तो प्रकार वेगळा, हा वेगळा. पण गंमत अशी की आई म्हणते जड काम होणार नाही, आणि मित्र म्हणतात बैल होशील. दोघांनी एकदा बसून काय ते ठरवावं बाबा! गावात नांगर कोण ओढतो? उसाची गाडी कारखान्याच्या काट्यापर्यंत कोण नेतो? खच्ची केलेला बैल. वळू नांगर ओढत नाही. वळू दुसऱ्याच्या रानात शिरून नासधूस करतो आणि लोक त्याला धोंडे मारून हाकलतात. बेंदराला आपण शिंगं रंगवतो, झूल घालतो, वाजतगाजत मिरवून पुरणपोळी खाऊ घालतो, ती बैलाला. आणि माणसाला कमीपणा आणायचा झाला की त्याच बैलाचं नाव घेतो.

मर्द कुणाला म्हणायचं याचा हिशोब आपल्याकडे कधीच जुळलेला नाही. तालमीत जो लंगोटाचा पक्का, बाईच्या वाटेला जात नाही, तो मर्द. त्याच गड्याचं लग्न झालं आणि वर्षात पाळणा हलला नाही, की गाव कुजबुजायला लागतं. दोन पोरं झाली की मर्दपणाचा कागद मिळाला, पण तो कागद जन्मभर खिशात ठेवून फिरायचा, कट्ट्यावरचा कुणीही कधीही मागणार. मी एवढ्या वर्षांत बायकांना बाईपणाचा कागद मागताना कुणाला पाहिलं नाही. त्यांच्याकडून कामच काढून घेतात, त्यातच सगळं आलं.

नुसतं शरीरशास्त्र सांगून तुझी झोप परत येणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून एक जण सांगते. आमच्या केंद्रात एक गवंडी आला होता, तुझ्याच वयाचा. बिनटाक्याची नसबंदी, म्हणजे तिथल्या कातडीत सुईनं जागा बधिर करायची, टोकदार चिमट्यानं छोटंसं भोक पाडायचं, त्यातूनच दोन्ही बाजूंची नळी एकेक करून बाहेर घ्यायची, बांधायची, कापायची, आत सोडायची. टाका नाही. पंधरा-वीस मिनिटांत गडी उठून बसला. मी चहा दिला. कपबशी हातात घेऊन म्हणाला, "एवढंच?" मग जरा वेळानं दाराकडे बघून हळूच म्हणाला, "सिस्टर, घरी आणि साइटवर हायड्रोसिलचं सांगितलंय, तुम्ही काही बोलू नका." हायड्रोसिल चाललं त्याला. अंडकोषात पाणी झालंय हे चारचौघांत सांगायला लाज वाटली नाही, बायकोला ऑपरेशनमधून वाचवलं हे सांगायला वाटली. मी त्या दिवशी हसले होते, नंतर बरेच दिवस ते डोक्यातून गेलं नाही.

त्याच केंद्रातलं बायकांचं शिबिर सांगते. आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही. सकाळी आठला टेम्पोतून उतरायच्या, सर्जन तालुक्याहून यायचे दुपारी. तोवर व्हरांड्यात बसून. मांडीवरचं पोर सासूकडे किंवा नणंदेकडे, आणि ते दुधासाठी रडून रडून निळंजांभळं. मग एकामागून एक टेबलावर. पोटात हवा भरायची, दुर्बीण घालायची, नळ्यांना कडी बसवायची. खाटा पुरायच्या नाहीत, म्हणून हॉलमध्ये खाली गाद्या टाकून ओळीनं झोपवायचो. भुलीच्या गुंगीत एखादी "बाळाला पाजू का" म्हणून उठायला बघायची. नवरे बाहेर. वाईट नव्हते रे ते, पिशव्या धरून उभे असायचे, चहा आणून द्यायचे. फक्त त्यांच्या मनात यायचंच नाही की आपणही आत जाऊ शकलो असतो. आणि आम्ही तरी कुठे विचारायचो? मार्च एंडिंग आलं की केस मोजायच्या, आणि बाईची केस लवकर तयार होते. दरवर्षी 21 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर पुरुष नसबंदीचा पंधरवडा असतो. केंद्राच्या दारावर फलक लागायचा आणि त्या फलकाखाली रांग बायकांची असायची. सरकार पुरुषाला बाईपेक्षा जास्त पैसे देतं, तरी. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुषांचा आकडा टक्क्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हता.

बायकांचं ऑपरेशन म्हणजे फार मोठं संकट आहे असं म्हणायचं नाही, लाखो जणी त्यातून सुखरूप उठतात. पण पोटात शिरावं लागतं, ते लागतंच. छत्तीसगडात बिलासपूरजवळ नोव्हेंबर 2014 मध्ये एका शिबिरात काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं उरकली आणि त्यातल्या डझनभराहून जास्त जणी दगावल्या. तुझ्या बायकोचं पोट आधीच दोनदा उघडलंय. अशा वेळी आत चिकटलेलं असतं, ऑपरेशन अवघड जातं. शिवाय रक्त कमी. म्हणजे तू आशाताईंसमोर "बोलून गेलो" म्हणतोस ना, ते वैद्यकीयदृष्ट्या घरातलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य होतं.

आईचं म्हणणं, आपल्यात बाप्यांनी कधी केलंय का? केलंय, पुष्कळ जणांनी. ही गोष्ट आईला माहीत नसेल, कारण ती तेव्हा जन्मली नसेल किंवा रांगत असेल. 1960 च्या दशकाच्या शेवटी आपल्या देशात नसबंदीची जी ऑपरेशनं होत, त्यातली दहातली आठ-नऊ पुरुषांची असत. मुंबईत महापालिकेच्या डॉ. डी. एन. पै यांनी रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रं उघडली होती. लोकल पकडायला आलेला माणूस ऑपरेशन करून घरी जायचा. केरळात एर्नाकुलमला जुलै 1971 मध्ये एका महिन्यात साठ हजारांवर पुरुषांनी केलं. त्यात गिरणीतले होते, हमाल होते, शेतकरी होते. पैशाच्या आमिषानंही पुष्कळ आले असतील, ते मी नाकारत नाही. पण ते सगळे नामर्द झाले, असं तेव्हा गावानं धरलं नव्हतं.

मग आली आणीबाणी. माझे वडील प्राथमिक शिक्षक. 1976 मध्ये मी चौदा वर्षांची. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, सगळ्यांना केस आणायचा कोटा होता, केस नाही तर पगार नाही. वडील संध्याकाळी सायकल काढून वस्त्यांवर जायचे आणि तसेच परत यायचे. कुणाला काय सांगणार? दुसऱ्या महिन्यात पगार अडला. तिसऱ्या महिन्यात ते स्वतःच जाऊन ऑपरेशन करून आले. आईला म्हणाले, "एक केस तरी झाली." आजी त्यांच्याशी महिनाभर बोलली नाही. त्याच उन्हाळ्यात वडिलांनी दोन गडी घेऊन घरामागची विहीर चार हात खाली नेली, पाटीभर दगड स्वतः वर ओढले. 81 वर्षांचे होऊन गेले. पण एक सांगते, त्यांनी त्या ऑपरेशनबद्दल पुन्हा कधी तोंड उघडलं नाही. स्वखुशीनं केलं असतं तर वेगळं असतं. पगारासाठी केलेलं होतं, त्याची बोच होती.

त्या एका वर्षात, 1976–77 मध्ये, देशात 82 लाखांवर ऑपरेशनं झाली आणि त्यातली 62 लाख पुरुषांची. आपल्या विधिमंडळानं तर तीन मुलं झाल्यावर सक्तीनं नसबंदी करायचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून ते कायद्यात आलं नाही. गावात जीप शिरली की बाप्ये उसात लपायचे, रात्री तिथेच झोपायचे. 1977 च्या निवडणुकीत लोकांनी याचं उट्टं काढलं. पुढच्या वर्षी पुरुषांची ऑपरेशनं दोन लाखांच्याही खाली आली. मग सरकारनं धडा घेतला, पण कुठला? पुरुषाला हात लावला तर सरकार पडतं. तेवढ्यात दुर्बिणीचं तंत्र गावोगाव पोचलं आणि सगळी यंत्रणा बायकांकडे वळली. मी 1984 मध्ये नोकरीला लागले तेव्हा बाप्याची केस हा शब्दच कुणी वापरत नव्हतं. तर तुझ्या आईची "आपल्यातली रीत" ही अशी आहे. वयानं तुझ्या आईपेक्षा लहान.

पण हे तिला असं सांगू नकोस. वाद जिंकशील आणि ती पुन्हा जेवणार नाही. ती सात-आठ वर्षांची असेल तेव्हा तिनं घरातले बाप्ये घाबरून पळताना पाहिलेत. तिच्या पोटात ती जीप अजून उभी आहे. तिला विचार, तुझ्या लहानपणी काय झालं होतं ग? सांगू दे तिला, वेळ लागला तरी लागू दे. "मी नाही का केलं" असं ती म्हणाली, तिथेही जरा थांब. तिला तेव्हा कुणी विचारलं होतं का, किती दिवस दुखलं, घरी आल्यावर कितव्या दिवशी चुलीपुढे बसली? मला खात्री आहे, हे तिला आजवर एकाही माणसानं विचारलेलं नाही, तूसुद्धा नाही. आपण जे निमूट सोसलं ते सुनेला चुकणार, यानं सासूला नेहमीच आनंद होतो असं नाही. दुष्टपणा नसतो तो. आपलं सोसणं फुकट गेलं असं वाटतं.

आणखी एक गोष्ट आया उघड बोलत नाहीत, पण मी व्हरांड्यात ऐकलेली आहे. "बाप्याचं उद्या काय सांगावं." म्हणजे सुनेचं बरंवाईट झालं, तर पोराला दुसरं लग्न करता यावं, पोरं व्हावीत. बाईचं ऑपरेशन झालं तरी घराण्याचं दार उघडं राहतं, बाप्याचं झालं की बंद. तुझी आई असा विचार करते असं मी म्हणत नाही. पण रीत अशीच तयार झालीय, सुनेकडे बदलता येणारी वस्तू म्हणून बघूनच.

आता ज्यासाठी एवढं लिहायला घेतलं ते. तुझी बायको का रडते?

तुला वाटतंय ती लोकांना घाबरते. तेही आहे. नवऱ्याला "करायला लावलं" म्हणून बोल तिलाच लागणार, आणि लावणाऱ्या बायकाच असणार. साहेबाच्या टेबलावर बांगड्यांचा आहेर ठेवायला मोर्चात पुढे कोण असतं, आठव. हातभर बांगड्या घातलेल्या बायकाच. त्या मनगटांनी जन्मभर उसाच्या मोळ्या उचलल्या, तरी दुबळेपणाची खूण म्हणून तीच बांगडी.

पण आणखी एक भीती असते आणि ती कुठलीच बाई नवऱ्याला तोंडानं सांगत नाही. माझ्या हद्दीतल्या एका बाईची हकिकत सांगते, नाव घेत नाही. नवऱ्यानं डिसेंबरात नसबंदी केली. ऑपरेशन झालं त्या दिवसापासून मूल राहत नाही, असं नाही. वरच्या नळीत आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात, ते संपायला तीन महिने जातात. तोवर निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं, त्यात जंतू नाहीत असा कागद हातात आला की मोकळं व्हायचं. हे त्याला सांगितलं होतं. मीच सांगितलं होतं. त्यानं मान हलवली आणि विसरला. फेब्रुवारीत तिला दिवस गेले. सासू म्हणाली, आमच्या पोराचं ऑपरेशन झालंय, मग हे कुणाचं? चार दिवसांत तिला माहेरी पोचवली. मी आणि आमचे डॉक्टर त्या नवऱ्याच्या मागे लागलो, तपासणीला आणला. वीर्यात जंतू होते. तो कागद हातात धरून तो बाकावर बसला, मग शर्टाच्या खिशात घडी करून ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा वाचला. तिला आणायला गेला, ती आलीही. पण पुढे कधी लसीकरणाला त्या घरी गेले, तर आधी दारातूनच "या सिस्टर" म्हणून हाक मारायची ती बाई नुसती चटई टाकून आत जायची.

ऑपरेशन तुझं आणि परीक्षा तिची, अशी ही वाट आहे. तुझ्या बायकोनं असली एखादी गोष्ट माहेरी ऐकलेली असू शकते. नसेलही. मी अंदाज करतेय. पण तिला विचारताना "तू का रडतेस" असं विचारू नकोस. तिला सांग, की तीन महिने मी निरोध वापरणार, तपासणी करणार, आणि तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवणार. त्यानंतरही हजारात एखादं ऑपरेशन फसतं, नळी आपोआप जोडली जाते. तसं झालं तर आधी माझी तपासणी होईल, तुझ्याकडे बोट दाखवायचं नाही, हे मी आईसमोर सांगेन. मग बघ ती काय म्हणते. तरीही नको म्हणाली, तर घाई नाही. तांबी आहे, निरोध आहे, रक्त वाढेपर्यंत सवड आहे. सरकारी नियमानं तुझ्या ऑपरेशनला बायकोची सही लागत नाही, आईची तर नाहीच. पण तिचं मन नसताना तू आत गेलास, तर ती उलट्या बाजूनं तीच जबरदस्ती.

आणि एक कान धरून सांगते, कारण हे मी चांगल्या चांगल्या नवऱ्यांचं पाहिलंय. ऑपरेशन केलंस तर ते उपकार म्हणून खात्यावर मांडून ठेवू नकोस. "तुझ्यासाठी मी एवढं केलं" हे वाक्य पुढच्या प्रत्येक भांडणात निघतं, आणि मग त्या पंधरा मिनिटांचं व्याज बाई जन्मभर फेडते. तिचं पोट दोनदा फाडलं, तेव्हा तिनं कुणाच्या नावावर काही लिहिलं नव्हतं. आणि कट्ट्याला खोटं पाडायला, आपण किती मोठ्या मनाचे ते दाखवायला जाणार असशील, तरी थांब. तोही कागद गोळा करण्याचाच प्रकार.

जायचं ठरलं तर. नळी परत जोडता येते असं कुणी सांगेल, ते ऐकून जाऊ नकोस. जोडली तरी मूल होईलच याची खात्री नसते. आणखी मूल नको हे दोघांचं पक्कं असेल तरच जा. आधी रक्त, लघवी, साखर, रक्तदाब तपासतील. जुना आजार, गोळ्या, एखाद्या औषधाची ॲलर्जी, हायड्रोसिल, हर्निया काही असेल ते लपवायचं नाही. घरूनच आंघोळ करून, तिथले केस कापून जा. घट्ट चड्डी किंवा लंगोट घेऊन जा, नंतर आठवडाभर आधार लागतो. सुई टोचताना दुखतं, नळी ओढली की ओटीपोटात कळ आल्यासारखं वाटतं, ते खोटं कशाला सांगू. संध्याकाळी ठणकेल, थोडी सूज, काळंनिळं होईल. दोन दिवस आराम, आठवडाभर उसाची मोळी, खताचं पोतं, सायकल बंद. सूज वाढत गेली, ताप आला, पू दिसला, तर घरगुती लेप न लावता सरळ केंद्रात जायचं. अगदी थोड्या जणांना पुढे महिनोनमहिने दुखत राहतं. तसं झालं तर सहन करत बसायचं नाही, दाखवायचं. कंपनीत रजा काढताना कारण काय लिहायचं ते तुझं तू ठरव. हायड्रोसिल लिहिलंस तरी मी काही म्हणणार नाही. ज्याला गावात राहायचंय त्यानं रोज गावाशी कुस्ती खेळावी असा माझा आग्रह नाही.

येताना मोटारसायकल स्वतः चालवायची नाही. मागे बसायचं, तेही सावकाश. म्हणजे कुणाला तरी बरोबर न्यावं लागेल. आईला नको, बायकोला घरी पोरं आहेत. तो कट्ट्यावरचा, जो हसला नाही, खाली बघून चहा पीत राहिला, त्याला विचार. आणि वाटेत जमलं तर हेही विचार, की त्या दिवशी तो गप्प का होता.